खुलासा : प्रोटॉनने डोळा वाचतो, नजर वाचेलच असं नाही

‘प्रोटॉन किरणांनी डोळ्याचा कॅन्सर चार दिवसांत कायमचा बरा, साइड इफेक्ट शून्य’ असा मेसेज फिरतोय. यातलं चार दिवसांचं तेवढं खरं, तेही अर्धवट.

डोळ्याच्या आतल्या मेलानोमावर, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरवर, हे प्रोटॉनचे (अणूतल्या सूक्ष्म कणांच्या किरणांचे) उपचार बोस्टनला १९७५ पासून आणि स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेनला १९८४ पासून होतात. आधी ऑपरेशन करून डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर टॅंटलम या धातूच्या बारीक चकत्या शिवतात; त्यांवरून गाठीची कड ठरते. मग चार-पाच बैठकांत किरण देतात. साधारण ९५ टक्के रुग्णांत गाठ तिथे परत वाढत नाही. हे यश मोठंच आहे.

त्रास मात्र काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतो. मोतीबिंदू होतो, पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात. काहींना काचबिंदू इतका दुखतो की शेवटी डोळा काढावा लागतो. गाठ दृष्टिमज्जातंतूला चिकटून असेल तर त्या डोळ्याची नजर बहुधा जातेच. हे रुग्णाला आधीच कळायला हवं.

‘कायमचा बरा’ हा शब्द सर्वांत घातक. हा कॅन्सर दहा वर्षांनीही यकृतात निघू शकतो. डोळा शांत असला तरी डॉक्टरांनी सांगितलेली यकृताची तपासणी चुकवू नका.