‘गुन्हेगारांच्या वकिलीसाठी एक रुपयाही देऊ नका’ : त्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे एक मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या कळव्याच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेला, घणसोलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडेही पोहोचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : जामिनाचे आणि तुरुंगाचे कायदे बदलावेत म्हणून काही संस्था घरोघरी देणग्या मागत आहेत, त्यांना काही देऊ नका. तुमच्या पैशांवर गुन्हेगार सुटतात. कायदे करणं आमदार-खासदारांचं काम आहे. गरिबाला सरकार फुकट वकील देतंच. या संस्थांचा खरा पैसा परदेशातून येतो. अमेरिकेत असाच पैसा ओतून तुरुंग रिकामे केले, तिथं काय झालं ते बघा. आणि शेवटी, द्यायचंच असेल तर अन्नदान करा.

मी अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिते. बँकेत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. संस्थेकडून काही घेत नाही, उलट दरमहा पाचशे रुपये देते. तेव्हा माझी बाजू कोणती हे उघड आहे.

पहिला आणि सगळ्यात जास्त बोचणारा मुद्दा : ‘गुन्हेगार सुटतात’. तुरुंगात आहे तो गुन्हेगार, असं धरूनच हे वाक्य लिहिलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा तुरुंग अहवाल सांगतो की देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन होती. म्हणजे शंभरातल्या जवळपास ७६ जणांवरचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. आपल्या ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता १,१०५ आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिथली संख्या चार हजारांच्या वर गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

आकडा नुसता वाचला की डोक्यावरून जातो. मला तो कळला तो एका बाईंमुळे. दिव्याच्या चाळीत राहतात, खारेगावात चार घरी धुणीभांडी करतात. मुलगा नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. मोबाइल चोरीच्या आरोपात त्याला धरलं. कोर्टानं बाराव्या दिवशी जामीन दिला : पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आई पेढे घ्यायला निघाली होती. जामीन मिळाला म्हणजे मुलगा घरी आला, अशी तिची समजूत. कुणाची नसते?

मग जामीनदार शोधणं सुरू झालं. जामीनदाराला रेशनकार्ड लागतं, पगाराची स्लिप लागते, घरपट्टीची पावती लागते, आणि वर ऐपतीचा दाखला मागितला तर तो काढायला एका कार्यालयात खेपा. बाईंचं रेशनकार्ड गावचं, जालना जिल्ह्यातलं. भाऊ गावी, त्याची दीड एकर जमीनही तिकडेच. चाळीच्या खोलीचा करार नाही. ज्या घरांत त्या काम करतात तिथल्या एकीनंही सही द्यायची तयारी दाखवली नाही, आणि मी त्यांना फार दोष देत नाही, कोर्टाच्या कागदावर सही म्हटलं की आपल्या घरांत सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती. आत झेरॉक्सचे पाच संच, पावसानं कडा फुगलेले, आणि प्रत्येक संचाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. वाचता येत नसल्यामुळे कुठला संच कोर्टाचा आणि कुठला कार्यालयाचा हे त्या दोऱ्यावरून ओळखायच्या. मुलगा जामीन मिळाल्यावर चार महिने नऊ दिवसांनी बाहेर आला. खटला अजून चालू आहे. तो दोषी ठरेल की निर्दोष, मला माहीत नाही, कोर्ट ठरवेल. पण ते चार महिने नऊ दिवस कुठल्या गुन्ह्याचे होते, हे मला कुणीतरी सांगावं.

हे काही नवीन नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाचा जामीन नाकारला, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ही पद्धत खोडून काढली. त्याला किती वर्षं झाली ते मोजा आणि जालन्याचं रेशनकार्ड आठवा. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे जी माहिती आली तिच्यानुसार जामीन मंजूर होऊनही आत असलेले सुमारे ५,००० जण देशात होते. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं अट शिथिल करण्याचा विचार करावा, असे निर्देश तेव्हा निघाले. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना काढली. न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. सरकारनंच ही गरज मान्य केली आहे. मग संस्थेनं तेच म्हटलं की ती गुन्हेगारांची वकिली कशी होते?

आता मी त्या बाईंना पंधरा हजार रोख देऊ शकले असते, कोर्टानं रोख भरायची मुभा दिली असती तर. एक मुलगा सुटला असता. पुढच्या आठवड्यात दुसरी आई, दुसरी पिशवी. कायद्यातली एक ओळ बदलते तेव्हा काय होतं ते बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीनं कलम ४३६-अ आलं : ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर साधारणपणे सोडावं, मृत्युदंडाचे गुन्हे वगळून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ नं पहिल्यांदाच आरोपी झालेल्यासाठी ती मुदत एक तृतीयांशावर आणली आणि कोर्टाला कळवायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली. जन्मठेपेचे गुन्हे यात बसत नाहीत, एकाहून जास्त खटले असलेलाही बसत नाही. त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. आता हे कलम कितीजणांना खरोखर लावलं, हे मोजत बसायचं काम उरतं. आमची संस्था नेमकं ते करते.

मुद्दा दुसरा, कायदे करणं लोकप्रतिनिधींचं काम. मतदान त्यांचं, अगदी बरोबर. पण विषय त्यांच्या टेबलावर पोहोचवतं कोण? १९७२ साली आत्ताच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण घडलं. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मुंबईत-दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर कोर्टानं ते धरून चालावं, हे तेव्हा आलं. ही फौजदारी कायद्याची सुधारणाच आहे ना? तीत आरोपी सुटले की सापडले?

जादूटोणाविरोधी कायदा तर आपल्या डोळ्यांसमोरचा. त्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळानं मंजूर केला, तोही गावकीनं वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर. त्यातल्या कितीतरी तक्रारी रायगड जिल्ह्यातल्या. खारघर-पनवेलला राहणाऱ्यांना ते काही लांबचं गाव नाही. आमदारांनी हात वर केले, पण त्याआधी कुणीतरी एसटीनं फिरून कागद गोळा केले होते, आणि एसटीचं तिकीट काही फुकट मिळत नाही.

त्यावर कुणी म्हणेल, मग खर्च एवढा कशाला? माझ्या वहीतलं एक पान सांगते. माहिती अधिकाराचे चौदा अर्ज, प्रत्येकी दहा रुपये. मिळालेल्या कागदांचे पानाला दोन रुपये. उत्तर न आलेल्या पाचांवर पहिलं अपील, प्रत्येकी वीस. टायपिंग. मंत्रालयात दोन खेपा, दोन माणसं. एका तरुण वकील मुलीचं मानधन, जे बाजारभावाच्या निम्म्याहून कमी आहे आणि ते देताना मला लाज वाटते. बस्स. कायदा बदलायच्या कामाचा फोटो निघत नाही म्हणून त्याला देणगी मिळत नाही. वह्यावाटपाचा फोटो निघतो.

फुकट वकिलाचा मुद्दा अर्धा खरा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे, आणि तो जरूर मागावा. त्या मुलालाही तोच वकील मिळाला होता, चांगला होता. जामीन त्यानंच मिळवून दिला! पण तो वकील समोरच्या एका खटल्यापुरता उभा असतो. जामीनदाराची पद्धतच बदला, असं सांगणं त्याच्या कामात येत नाही.

परदेशी पैसा. परकीय निधी घ्यायचा तर केंद्राची वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या वर चालत नाही. आमच्यासारख्या संस्थेकडे ती नोंदणीच नाही. आमच्या वहीत कळवा, नौपाडा, वाशी, नेरुळ इथल्या लोकांचे दोनशे, पाचशे, हजार आहेत. हो, हिशेब न दाखवणाऱ्या संस्था असतात, मी स्वतः दोन पाहिल्या आहेत. म्हणून देण्याआधी विचारा : सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे का, लेखापरीक्षण धर्मादाय कार्यालयाकडे जातं का, पावती मिळते का. चिडले तर देऊ नका. हा प्रश्न देवळाच्या वर्गणीलाही विचारायला हरकत नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं २०१८ मध्ये ‘फर्स्ट स्टेप’ कायदा झाला. त्यासाठी डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या संस्थांनी पैसा आणि वेळ घातला, सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतांनी तो झाला आणि सही ट्रम्प यांनी केली. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये छोट्या चोऱ्यांच्या शिक्षा सौम्य केल्या आणि २०२४ मध्ये मतदारांनीच त्यातलं काही परत कडक केलं. पटलं तेव्हा बदललं, पटेनासं झालं तेव्हा फिरवलं, दोन्ही वेळा मतदानानं. शिवाय तिकडचा हा वाद मुख्यतः शिक्षा किती असावी याचा. इथं शिक्षा व्हायच्या आधीच्या वर्षांचा प्रश्न आहे. दोन्ही एका पोत्यात घालता येत नाहीत.

राहिलं अन्नदान. मी दरवर्षी आईच्या तिथीला करते आणि करत राहीन. पण तो मुलगा आत होता त्या काळात त्याच्या आईनं दर आठवड्याला तुरुंगात त्याला भेटण्यासाठी एक दिवसाचा खाडा केला, दोन कामं गेली, आणि धाकटीची शाळा सुटली. त्या घराला आम्ही दोन महिने किराणा दिला. जामीनदाराची अट बाराव्या दिवशी शिथिल झाली असती तर तो लागलाच नसता.

आमच्या वहीचं ते पान आणि पावतीपुस्तक बघायचं असेल तर ग्रुपवर मला तसं कळवा. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी ते लिहीत बसलेली असते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी तर नक्की या.