फाशी आधीपासूनच आहे

"कायदा कडक करा, बिंदू चौकात फाशी द्या." लहान मुलांवरच्या अत्याचाराची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर तासाभरात हे सुरू होतं. परवा मी लिहिलं, पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, 2019 पासून फाशी आहेच. थोरल्या चुलतभावानं तिथंच सुनावलं, "लेस्टरात बसून आम्हाला शिकवू नगंस."

शिकवत नाही, दादा. पण कोल्हापूरच्या माणसानं तरी फाशीवर एवढी भिस्त ठेवू नये. लहान मुलं पळवून त्यांचे खून करणाऱ्या गावित बहिणी 1996 ला सापडल्या. आपल्याच सत्र न्यायालयानं 2001 ला फाशी सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, 2014 ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि 2022 ला हायकोर्टानं जन्मठेप केली, कारण सरकारनं त्या अर्जावर वर्षानुवर्षं घालवली. बलात्काराला फाशी आणू पाहणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक 2021 ला दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींची सही काही झाली नाही. पोक्सोतच लिहिलंय, मुलाची साक्ष 30 दिवसांत, खटला शक्यतो वर्षात. यासाठी मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

इथं इंग्लंडात खुनालासुद्धा साठच्या दशकापासून फाशी नाही. पण मुलीच्या शाळेत आठवड्यातून अर्धा तास गोष्टी वाचायला जायचं, तर माझी डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, झाली. पाच वर्षांचे पत्ते, पासपोर्ट, सगळं. ती येईपर्यंत गळ्यात लाल पट्टा आणि शेजारी एक शिक्षिका. अपमान वाटला नाही, उलट हायसं वाटलं.

यावर दादाचं ठरलेलं उत्तर, "आणि रॉदरहॅम?" बरोबर आहे. इंग्लंडातल्या त्या गावात सोळा वर्षांत अंदाजे 1400 मुलांवर लैंगिक अत्याचार झाले, आणि पोलीस, कौन्सिल (तिथली नगरपालिका) सगळे गप्प. पण हा आकडा तिथल्याच कौन्सिलनं नेमलेल्या चौकशीतून 2014 ला बाहेर आला. आपल्याकडं मोजायला कोण बसतंय?

आपल्याकडं गप्प बसतं ते घर. करणारा बहुतेक वेळा ओळखीतला, नात्यातला असतो. त्याला फाशी होणार म्हटल्यावर आजीच नातीला दटावते, कुणाला सांगू नकोस. शिक्षा जितकी मोठी, तितकं त्या पोरीच्या तोंडावरचं ओझं मोठं. हे मला कुठल्या परदेशानं शिकवलेलं नाही, आपल्या गल्लीतच कळलंय.

दादाचं ते वाक्य मला लागलं. इथं शाळेच्या बैठकीत मी पाहुण्यासारखा मान डोलावतो. पोटतिडकीनं भांडावंसं वाटतं ते कोल्हापूरच्याच भांडणात. तिथंही परका ठरलो, तर बोलायचं कुठं?

म्हणून दादा, एवढं कर. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर सरकारनं शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश काढला. आपल्या छकुलीच्या शाळेत ती झाली का, विचार. तिच्या रिक्षावाल्या मामांचीही झाली का, तेही विचार. चिडलास तरी चालेल, रविवारी फोन करून मी पुन्हा विचारणार आहे.