हे तर उघडच आहे

कॅल्क्युलस शिकण्यापेक्षा त्याचं पुस्तक निवडणं अवघड. निवडायला निघालात की सगळं जग सल्ला द्यायला धावतं, आणि ज्यांनी हा विषय परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी डोक्यातून काढून टाकला, त्यांचीच मतं सर्वांत ठाम असतात. एक म्हणतो, जाडजूड घे. दुसरा सिल्व्हेनस थॉम्पसन यांचं १९१० सालचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे छोटं पुस्तक पुढे करतो. तेही वाईट नाही. ‘चिमुकल्याचा चिमुकला किरकोळ, सोडून द्या’ या हिशेबाने ते गाडी झकास पळवतं. फक्त ‘का सोडायचा?’ असं विचारणाऱ्याने दुसरी गाडी बघावी.

प्रस्तावना मी वाचत नाही. ‘पूर्वज्ञानाची गरज नाही’ असं तिथे छापलेलं असतं आणि चौथ्या पानावर लेखक न सांगता अंशाचं परिमेयीकरण (अपूर्णांकाच्या वरच्या भागातली वर्गमुळं घालवणं) करून मोकळा होतो. कॅल्क्युलसमध्ये बुडणारे बहुतेक जण खरं तर बीजगणितात बुडतात. प्रेत फक्त इकडे सापडतं. म्हणून सुरुवातीला घातांक, अपूर्णांक आणि त्रिकोणमितीची उजळणी आहे का, हे आधी बघावं.

मग लिमिटचं, म्हणजे फलन कुठल्या किमतीकडे सरकतं त्याचं, प्रकरण. उत्तरात किती फरक चालेल तो एप्सिलॉन, त्यासाठी क्षला किती जवळ ठेवायचं तो डेल्टा. क्ष २ कडे जाताना क्ष² हा ४ कडे जातो, हे सिद्ध करताना वाईट पुस्तक फर्मावतं: ‘१ आणि एप्सिलॉन/५ यांतला लहान तो डेल्टा घ्या.’ हा ५ कुठल्या टोपीतून निघाला? चांगलं पुस्तक कच्चं काम उघड्यावर करतं. क्ष² − ४ म्हणजे (क्ष − २)(क्ष + २). क्षला २ पासून १ च्या आत डांबला की तो ३ पेक्षा लहान, म्हणून क्ष + २ हा ५ पेक्षा लहान. सापडला ५!

पुढचा सापळा साईन क्ष / क्ष. क्ष शून्याकडे गेला की याची लिमिट १. हे लोपितालच्या नियमाने (०/० झालं की वर-खाली डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घेऊन बघायचं) एका ओळीत ‘सिद्ध’ केलं असेल, तर पुस्तक मिटावं. तो नियम लावायला साईनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते काढायला हीच लिमिट लागते. म्हणजे आरोपीला जामीन आरोपीच! (नियमही मूळ लोपिताल या फ्रेंच गणितज्ञांचा नव्हे. त्यांच्या १६९६ च्या पुस्तकात तो आला त्यांचे शिक्षक योहान बर्नुली यांच्याकडून, पैसे मोजून. या विषयाच्या पहिल्याच पाठ्यपुस्तकाची ही कथा.) कोन रेडियनमध्येच का, हेही तिथे लिहिलेलं हवं, अंशांत (डिग्रीत) मोजला तर उत्तर १ नव्हे, ०.०१७४५ येतं.

इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ काढण्यात, मी एकच गणित शोधतो: १/क्ष², −१ पासून १ पर्यंत. डोळे मिटून सूत्र लावलं तर उत्तर येतं उणे २. आलेख सबंध अक्षाच्या वर आणि क्षेत्रफळ उणे! शून्यापाशी फलन फुटतं, तिथे सूत्र चालत नाही. हा खड्डा दाखवणारं पुस्तक विश्वासाचं.

आता उदाहरणसंग्रह. एकाच साच्याची चाळीस गणितं म्हणजे हाताचा व्यायाम. कोणती रीत लावायची हे स्वतः ठरवायला लावणारी सरमिसळ हवी. उत्तरं बहुधा विषम क्रमांकांचीच असतात, आणि तीही छळतात. साईन क्ष गुणिले कॉस क्ष याचं इंटिग्रेशन तुम्ही साईन²/२ काढता, मागे छापलेलं असतं −कॉस²/२. दोन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा. पण हे कुणी न सांगितल्यामुळे एक अख्खी संध्याकाळ स्वतःची चूक शोधण्यात जाते.

आवृत्ती? जुनी चालते. नव्या आवृत्तीत बऱ्याचदा गणितांचे क्रमांक बदलतात, गणित नाही. गृहपाठ क्रमांकाने मिळत असेल तरच नवी घ्या. हजार पानांना भ्यायचं कारण नाही, त्यातली बरीचशी अनेक चलांची असतात आणि सुरुवातीला त्यांना हात लावावा लागत नाही.

शिवाय वापरलेल्या प्रतीत एक सोय असते. आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणा ज्या पानावर कायमच्या थांबतात, ते पान दुकानातच वाचून घ्यावं. बहुधा त्यावर छापलेलं असतं, ‘हे तर उघडच आहे.’