ब्लीच आणि लिंबू एका बादलीत? मुळीच नको

"पाहुणे गेल्यावर भांडी नुसती साबणाने घासून भागत नाही" असा एक लांबलचक मेसेज गौरीजेवणापासून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. आईने तो वाचून मला फोन केला, "ब्लीचिंग पावडर किती आणू?" म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधला पहिलाच उपाय बघा. बादलीभर पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका, वर लिंबं पिळा आणि खरकटी भांडी रात्रभर भिजवा, म्हणजे म्हणे दुप्पट जंतू मरतात. अहो, ब्लीचमध्ये आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो! लिंबू असो, व्हिनेगर असो, नाहीतर संडास धुवायचं अॅसिड. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला तो हाच वायू. हवेपेक्षा जड, म्हणून खालीच साचतो. आणि आपल्याकडे भांडी घासणारी बाई कुठे असते? मोरीत, पाटावर, बादलीवर ओणवी. आधी डोळे चुरचुरतात, मग खोकल्याची उबळ थांबत नाही. दमेकऱ्याच्या तर जिवावर बेतू शकतं. कुणी हे करून बसलंच असेल तर बादली उचलायला जाऊ नका, सगळ्यांना घेऊन आधी मोकळ्या हवेत या. बरं, एवढं करून भांडी निर्जंतुक होतात का? तेही नाही. खरकटं तसंच असेल तर क्लोरीन त्या खरकट्यावरच खर्ची पडतो. वर अॅल्युमिनियमची पातेली खराब होतात आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात, ते वेगळंच.

दुसरा मुद्दा वाचून माझा संताप झाला. "पाहुण्यांत कुणाला टीबी होऊन गेला असेल तर त्याचं ताट-भांडं वेगळं काढा." टीबी हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताटातून, पेल्यातून पसरत नाही. बऱ्या झालेल्या माणसापुढे वेगळं ताट ठेवायचं, तेही सणाच्या पंगतीत, हे कसलं आरोग्य?

"वरून उकळतं पाणी ओता" यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. पण ओतलेलं पाणी ताटावरून क्षणात ओघळून जातं. अमेरिकेच्या एफडीएचा (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा) हॉटेलांसाठीचा फूड कोड, म्हणजे नियमावली, सांगते की भांडी निदान ७७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान ३० सेकंद पूर्ण बुडलेली हवीत, आणि तीही घासून, विसळून झाल्यावर. हा क्रम महत्त्वाचा. इतक्या गरम पाण्यात हात घालता येत नाही, म्हणून जाळीची टोपली किंवा सांडशी घ्या. घरात कुणाला उलट्या-जुलाब असतील तर एवढं जरूर करा. एरवी खरकटं काढून साबणाने नीट घासलं आणि वाहत्या पाण्याखाली विसळलं की पुरे.

भांडी राखेने घासण्याबद्दल मेसेजमध्ये जे लिहिलंय ते सोडून द्या. तेलकटपणा निघतो, बाकी चमत्कार काही नाही.

"ओल्या फडक्याने पुसू नका" हे मात्र बरोबर. भांडी पालथी घालून निथळू द्यावीत. पण एवढ्या लांब मेसेजमध्ये घासणीबद्दल एक अक्षर नाही! आठवडाभर ओलीच पडलेली, भाताची शितं अडकलेली ती घासणी दर जेवणानंतर प्रत्येक ताटावरून फिरते. ती धुऊन, पिळून, उन्हात वाळवा आणि वास यायला लागला की सरळ टाकून द्या.