पाकीट फोडलं होतं, वाचलं नव्हतं

बेळगावातल्या वडगावच्या मामांच्या कपाटात पितळी डब्याखाली बँकेचं पाकीट दीड महिना पडून होतं. नोटीस इंग्रजीत. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, कन्नड बाजारापुरतं. "हप्ता भरा म्हणूनच असतंय की रे," म्हणाले. दोन्ही माग बंद, हप्ते थकलेले.

ती सरफेसी कायद्याच्या (२००२, थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना अधिकार देणारा कायदा) कलम १३(२)ची नोटीस होती. म्हणजे ६० दिवसांत पैसे भरा, नाहीतर बँक कोर्टात न जाता तारण असलेल्या घराचा ताबा घेणार. त्यातले ४५ दिवस डब्याखालीच गेले.

उरलेल्या दिवसांत आम्ही एकच केलं, लेखी हरकत दिली. कुठला हप्ता कधी भरला, व्याजात काय चुकलंय, किती मुदत हवी, सगळं पावत्यांसकट. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. पोच म्हणून शिक्का मागितला तर काउंटरवरच्या पोराच्या कपाळाला आठ्या. शिक्का घेऊनच निघालो.

गल्लीतल्या हुशारांचं ऐकत बसलो असतो तर घर गेलंच असतं. एक म्हणाला, दिवाणी कोर्टातनं स्टे आणा. ती वाट कलम ३४ नं जवळजवळ बंदच केलीय. ताबा घेण्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायचं, आणि ते बेंगळुरूत. इथं बेळगावात विधिमंडळासाठी सुवर्णसौध बांधलंय, पण घर वाचवायला पाचशे किलोमीटर! दुसरा म्हणाला, सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही. लागतो. २०२० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तसं सांगितलंय, तेही आपल्या शेजारच्या मुरगूडच्याच बँकेच्या खटल्यात. तिसरा म्हणाला, लिलावादिवशी पैसे घेऊन जाऊ. २०१६ च्या दुरुस्तीनंतर थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच.

वकिलाच्या फीचं कोडं मामीमुळे सुटलं. कर्जावर त्यांचीही सही होती, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

नोटीस मराठीतनं मिळावी म्हणून भांडायलाच पाहिजे, मीही भांडेन. पण ६० दिवस आपल्या भांडणासाठी थांबत नाहीत.

मामांनी एक माग विकला, बाकीच्या रकमेची तडजोड बोलणी चालू आहेत. कुणाच्या घरी असं पाकीट असेल तर वरची तारीख बघा आणि घेऊन या. संध्याकाळी सातनंतर घरीच असतो, वाचून सांगतो.