केसांतले जस्त आणि स्वमग्न मुले : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या शरीरात जस्त (झिंक) कमी आणि तांबे, शिसे, पारा जास्त असतो, हे जपानमध्ये सिद्ध झाले आहे, मुलाच्या केसांची तपासणी करून घ्या, झिंक सुरू करा, साचलेले धातू औषधाने बाहेर काढा, तीन महिन्यांत मूल बोलू लागेल. ही निव्वळ थाप असती तर उत्तर सोपे होते. यात खऱ्या संशोधनाचा एक तुकडा आहे आणि त्यावर रचलेली पुढची प्रत्येक पायरी कच्ची आहे.

जपानचा अभ्यास २०११ सालचा. त्यात १,९६७ स्वमग्न मुलांच्या केसांतील खनिजे मोजली गेली आणि सुमारे ३० टक्के मुलांत जस्त नेहमीच्या मर्यादेपेक्षा कमी आढळले. अगदी लहान मुलांत हे प्रमाण अधिक होते. म्हणजेच सुमारे ७० टक्के मुलांचे जस्त त्या मर्यादेखाली नव्हते, आणि संदेशाने नेमके तेच गाळले आहे. शिवाय जस्ताची कमतरता ही काही स्वमग्नतेची खूण नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रक्ताच्या तपासणीवरून १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के मुलांत आणि किशोरवयीनांपैकी सुमारे ३२ टक्क्यांत ती दिसली होती. केसांचे आणि रक्ताचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत हे खरे. पण ज्या जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न आहे आणि ज्वारीतील फायटेट हा घटक जस्ताचे शोषण अडवतो, तिथे कोणत्याही मुलाचे जस्त कमी निघाले तर आधी ताटाकडे पाहावे.

कार्यकारणाचा प्रश्न याहून अवघड आहे. संदेशाच्या बाजूने उभा राहू शकेल असा सर्वांत बळकट पुरावा २०१७ मध्ये स्वीडनमधील जुळ्या मुलांच्या दुधाच्या दातांतून मिळाला. दाताच्या थरांवरून जन्माच्या आगेमागे शरीरात किती धातू गेला हे कळते, आणि स्वमग्न मुलांत त्या काळात शिसे अधिक, तर जस्त व मँगनीज कमी दिसले. अभ्यासातली मुले थोडी होती, तरी निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा असा आहे. पण तो जन्माच्या सुमाराच्या काळाविषयी बोलतो. पाच वर्षांच्या मुलाला आज दिलेली गोळी तो काळ बदलू शकत नाही. दुसरीकडे, मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे जस्त घटते आणि माती, रंगाचे पोपडे तोंडात घालणाऱ्या मुलाच्या रक्तात शिसे वाढते. या दोन्ही सवयी स्वमग्न मुलांत अधिक आढळतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची जागा नेमकी उलटीही असू शकते.

केसांच्या तपासणीबद्दल मात्र मला अजिबात सौम्य राहवत नाही, कारण पालकांचा खिसा इथेच रिकामा होतो. २००१ मध्ये अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीच्या केसांचे नमुने सहा व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले गेले, तेव्हा बारा खनिजांच्या बाबतीत सर्वाधिक आणि सर्वांत कमी आकड्यांत दहापटींहून अधिक फरक निघाला. कोंड्यावरच्या काही शाम्पूंत जस्ताचे किंवा सेलेनियमचे संयुगच असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातील खनिजेही केसांवर बसतात. आणि तीव्र कमतरतेत केसांची वाढच मंदावते, म्हणून अहवालात जस्त नेहमीसारखे किंवा जास्तही दिसू शकते. रक्ताची तपासणी तुलनेने बरी, पण तापात किंवा संसर्गात रक्तातले जस्त उतरते आणि तांबे चढते. आजारी मुलाच्या ‘तांबे-जस्त गुणोत्तरा’वरून काही ठरवू नये.

‘आशाताई जुलाबात झिंक देतात, मग यात धोका काय?’ हा प्रश्न रास्त आहे. जुलाबातली मात्रा चौदा दिवसांपुरती असते, संदेशातली महिनोन्महिने चालते. अमेरिकी मापदंडानुसार रोजच्या जस्ताची वरची मर्यादा १ ते ३ वर्षांसाठी ७ मिलीग्रॅम आणि ४ ते ८ वर्षांसाठी १२ मिलीग्रॅम आहे. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्यास आतड्यात तांब्याचे शोषण अडते, आणि त्यातून रक्तक्षय व पांढऱ्या पेशींची घट उद्भवते.

धातू ‘बाहेर काढण्या’चा सल्ला सर्वांत धोकादायक आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला शिरेतून असे औषध दिल्यावर रक्तातील कॅल्शियम कोसळून त्याचे हृदय बंद पडले. स्वमग्नतेवर या उपचाराचा फायदा दाखवणारा पुरावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही सापडला नाही. आधी औषध देऊन मग लघवीतले धातू मोजण्याची युक्तीही फसवी आहे, कारण असे औषध कुणालाही दिले तरी लघवीतला आकडा वाढतोच.

राहिला तीन महिन्यांत मूल बोलू लागेल हा दावा. १९९९ मध्ये स्वमग्नतेवरचा उपाय म्हणून सिक्रेटिन नावाच्या औषधाची अशीच हवा होती. चाचणीत खरे औषध आणि निव्वळ मिठाचे पाणी मिळालेली मुले जवळपास सारखीच सुधारली; तरीही निकाल कळल्यावर ६९ टक्के पालकांना त्या औषधात रस होताच. मूल वाढत असते, वाचा-उपचार चालू असतात, आणि आशेने पाहणाऱ्याला बदल लवकर दिसतो. यात पालकांचा दोष काढण्यासारखे काही नाही.

तपासण्यासारखे काहीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. मूल फक्त भात, बिस्किटे आणि दूध यांवरच राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहून घ्यावे. लोह कमी असेल तर झोप अस्वस्थ होते, आणि ती कमतरता भरून काढता येते. मूल माती किंवा रंग खात असेल, तर शिरेतल्या रक्तातील शिशाची पातळी मोजावी. ती प्रति डेसिलीटर ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून वर गेली, तर धातू काढणारे औषध रुग्णालयातील देखरेखीखाली खरोखर दिले जाते. ते शिशाच्या विषबाधेसाठी असते, आणि मूल स्वमग्न असो वा नसो, त्याचा निकष बदलत नाही.