‘जीन टेस्ट करा, गोळी घ्या’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

इरफान खानमुळे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन्स बनवणाऱ्या पेशींची गाठ) हे नाव घराघरात पोचलं, आणि आता आतड्यातल्या नि पॅनक्रियाजमधल्या अशा गाठींबद्दल एक मेसेज फिरतोय. हा खरा कॅन्सर नाहीच, जीन टेस्ट केली की नेमकी गोळी मिळते, म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, सापडलं नाही तर टेन्शन नको, आणि आजार आनुवंशिक म्हणून घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करावी, असं त्यात आहे. लोक अशा मेसेजवर विसंबून बायोप्सी पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

खरा कॅन्सर नाही, हा समज फार जुना. 1907 मध्ये ओबर्नडॉर्फर या जर्मन पॅथॉलॉजिस्टने या गाठी निरुपद्रवी ठरवल्या होत्या, आणि 1929 मध्ये त्यानेच सांगितलं की त्या पसरतातही. बऱ्याच गाठी हळू वाढतात हे खरंय, पण लहान आतड्यातली गाठ सेंटीमीटरभर असतानाच लिव्हरमध्ये पोचलेली असू शकते.

म्युटेशन नाही म्हणजे धोका नाही, हे तर सगळ्यात घातक. लहान आतड्याच्या या गाठींत म्युटेशन्स मुळातच कमी असतात, वारंवार सापडणारा जीन सीडीकेएन1बी, तोही साधारण 8 टक्के पेशंटमध्येच, उलट 18 नंबरच्या क्रोमोझोमची एक कॉपी गायब असणं खूपच कॉमन, आणि ठराविक जीन्सच तपासणाऱ्या साध्या जीन पॅनलमध्ये ते दिसेलच असं नाही. म्हणजे रिपोर्ट कोरा आणि लिव्हरमध्ये गाठी, असं होऊ शकतं. त्यापेक्षा बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये केआय-67, म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या मार्गावर आहेत तो आकडा, किती ते बघा: 3 टक्क्यांच्या खाली ग्रेड 1, 20 पर्यंत ग्रेड 2, त्याच्या वर ग्रेड 3. आणि पेशी वेल डिफरन्शिएटेड (नॉर्मल पेशींसारख्या दिसणाऱ्या) आहेत की पुअरली (तशा न दिसणाऱ्या), हेही विचारा, कारण दुसऱ्या प्रकारात टीपी53 आणि आरबी1 हे जीन्स बहुतेकदा बिघडलेले असतात, तो आजार झपाट्याने वाढतो आणि त्याला केमो लागते.

आता गोळी. पॅनक्रियाजच्या गाठींवरच्या 2011 च्या अभ्यासात मेन1 हा जीन सुमारे 44 टक्क्यांत, डॅक्स किंवा एटीआरएक्स हे जीन्स 43 टक्क्यांत बिघडलेले निघाले, पण त्यांच्यावर थेट काम करणारी गोळी रोजच्या उपचारात नाही. एमटॉर, म्हणजे पेशीला वाढीचा सिग्नल देणारा रस्ता, त्याच्यावरचे जीन्स 15 टक्क्यांच्या आसपास बिघडलेले. त्याच रस्त्यावर काम करणारी एव्हरोलिमस ही गोळी मात्र म्युटेशन न बघताच दिली जाते, कारण जीन शाबूत असला तरी वाढीचा सिग्नल चालूच असू शकतो. 2011 च्या ट्रायलमध्ये आजार न वाढता राहण्याचा काळ तिने 4.6 वरून 11 महिन्यांवर नेला. आजार रोखून धरला, बरा नाही केला.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही ते म्हणजे सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर, पेशीवरची सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन पकडणारी जागा. बहुतेक वेल डिफरन्शिएटेड गाठींच्या पेशींवर तो असतो, तिथे म्युटेशनचा संबंधच नाही. ऑक्ट्रिओटाइड नाहीतर लॅनरिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन त्यालाच चिकटून हार्मोन्सचा सिग्नल दाबतं, गॅलियम डोटाटेट स्कॅनमध्ये गाठ त्याच्यामुळेच उजळते, आणि उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या ल्युटेशियम-177 या किरणोत्सारी पदार्थाची किरणंही त्याच्याच वाटेने गाठीपर्यंत जातात. हे ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या रिअॅक्टरमध्ये तयार होतं.

राहिला आनुवंशिकतेचा मुद्दा. बहुतेक पेशंटमध्ये बिघाड फक्त गाठीत असतो. पॅनक्रियाजच्या बाबतीत 2017 च्या अभ्यासात जन्मजात बिघाड 17 टक्क्यांत दिसला. त्यामुळे एकापेक्षा जास्त गाठी, तरुण वय, कॅल्शियम सतत वाढलेलं, घरात पॅराथायरॉइड किंवा पिट्यूटरीच्या गाठी, असं काही असेल तर आधी पेशंटला जेनेटिक कौन्सेलरकडे न्या, घरच्यांची टेस्ट पेशंटच्या रिपोर्टनंतर.